खेड्यातल्या पडद्यावर नाताळचा सिनेमा: कोणता चालतो, कोणता पडतो आणि काहून

पऱ्हाटी

डिसेंबर लागला की हा प्रश्न येतोच: चर्चच्या आवारात पडदा लावायचा आहे, कोणता सिनेमा दाखवावा? उत्तर म्हणून कोणीतरी 'बेस्ट ख्रिश्चन ख्रिसमस मूव्हीज' अशी इंग्रजी यादी डकवतो. त्या यादीतले निम्म्याहून अधिक सिनेमे यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या गावात पहिल्या अर्ध्या तासातच पडतात. लोक अडाणी असतात म्हणून नव्हे. ते सिनेमे ज्या तक्रारीवर उभे आहेत ती तक्रारच इथे नाही.

अमेरिकन श्रद्धापर नाताळपट बहुतेक एकाच मुद्द्यावर चालतो. खरेदी, भेटवस्तू आणि धावपळीत नाताळचा खरा अर्थ हरवला, मग बर्फ पडत असताना कुटुंबाला तो परत सापडतो. आपल्याकडच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, नाताळ म्हणजे दारावरचा कागदी तारा, रात्रीची कॅरलफेरी, लेकरांना नवे कपडे, करंज्या-चिवडा आणि पंचवीस तारखेची भक्ती. बाजाराने इथला नाताळ खाल्लेला नाही, त्यामुळे तो परत मिळाल्याचा आनंदही कोणाला होत नाही. कर्क कॅमेरॉनचा 'सेव्हिंग ख्रिसमस' (२०१४) हे याचं टोक. अख्खा सिनेमा म्हणजे मोटारीत बसून दिलेलं प्रवचन. तो तिकडेही पडला, वर्षातला सर्वांत वाईट चित्रपट म्हणून त्याला रॅझी मिळाला. चाहत्यांनी चांगले शेरे लिहावेत असं आवाहन झालं तर उलटेच शेरे जास्त पडले.

म्हणून माझं मत साफ आहे: खेड्यात जन्मकथाच दाखवा. त्यातही निवड आहे.

'द नेटिव्हिटी स्टोरी' (२००६, दिग्दर्शिका कॅथरीन हार्डविक, १०१ मिनिटं). व्हॅटिकनमध्ये प्रीमियर झालेला हा पहिला कथापट. चित्रण इटलीतल्या मातेरा शहरात आणि मोरोक्कोत आहे, म्हणून पडद्यावर धूळ, दगडी घरं, शेळ्या आणि शेतातली कामं दिसतात. बर्फाचा पत्ता नाही. करवसुलीचे शिपाई गावात शिरतात ते दृश्य कोणाला समजावून सांगावं लागत नाही. सगळ्यात जास्त पकड येते ती मरीया नासरेथला परत येते तिथे. साक्षगंध झालेलं, लग्न बाकी आणि पोरीला दिवस गेलेले. बायांच्या बाजूची कुजबुज त्या क्षणी थांबते. योसेफाचा राग आणि नंतरचं स्वप्न लोक श्वास रोखून पाहतात. ढिला भाग म्हणजे हेरोद राजाचा दरबार आणि मागी, म्हणजे तारा पाहून आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचा प्रवास. मागींची थट्टामस्करी शब्दांवर चालते, भाषा कळत नसेल तर पोट्टे तिथे उठून पळापळी सुरू करतात.

'द स्टार' (२०१७, अ‍ॅनिमेशन, ८६ मिनिटं) गाढवाच्या नजरेतून आहे. संडे स्कूलच्या मुलांना दुपारी बंद खोलीत दाखवायला उत्तम. रात्रीच्या पडद्यावर लावला की म्हातारी माणसं 'हा लेकराईचा आहे' म्हणून उठतात.

'जीझस' (१९७९) लूकच्या शुभवर्तमानावर बेतलेला आहे आणि दोन हजारांहून जास्त भाषांत डब झालेला आहे. मराठीत सहज मिळतो, ही त्याची मोठी बाजू. अडचण अशी की जन्माचा भाग सुरुवातीच्या काही मिनिटांतच संपतो आणि रात्र वधस्तंभावर जाते. नाताळच्या संध्याकाळी नवी साडी नेसून आलेल्या बाईला खिळे ठोकताना पाहायचं नसतं. तो गुड फ्रायडेच्या आठवड्यात लावा, प्रतिसाद एकदम वेगळा येतो.

कोणाचं वेगळं मत असेल तर लिहा. तांत्रिक बाबी एकफेज भाऊंनी लिहाव्यात ही विनंती.

---

वैनगंगाकाठ

'दयासागर' कसा सुटला तुमच्या यादीतून? मूळ तेलुगू 'करुणामयुडू' (१९७८), ख्रिस्ताच्या भूमिकेत विजयचंदर. सिरोंचा-अहेरीकडे तेलुगू समजणारी वस्ती आहे, तिथे मूळ आवाजातच लावा. बाकी ठिकाणी हिंदी चालतो.

तो सिनेमा पौराणिक चित्रपटाच्या वळणाचा आहे. चेहरा समोरून, मोठा, थांबून दाखवलेला. गाणी आहेत. पडद्यावर मुख येतं तेव्हा कॅमेरा घाई करत नाही, आणि आपल्या लोकांची पाहायची सवय तीच आहे. 'नेटिव्हिटी'त मरीया सतत चालताना, अर्धवट अंधारात, पाठमोरी दिसते. शहरात त्याला वास्तववादी म्हणतात. गावात म्हातारी विचारते, 'तोंड काहून नाही दाखवत पोरीचं?'

झाडीपट्टीतल्या मंडळींसाठी आणखी एक गोष्ट. आपल्या भागात दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम असतो, वडशाच्या कंपन्या रोज कुठे ना कुठे लागलेल्या असतात. दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती), रात्री नाटक. पाच-सात किलोमीटरच्या आत नाटक असेल त्या दिवशी पडदा लावू नका, मोकळ्या मैदानाला सिनेमा दाखवाल. तारीख ठरवण्याआधी बसस्टँडवरची पोस्टरं वाचून या. हा प्रेक्षक रात्रभर नाटक पाहणारा आहे. त्याला लांबीचं वावडं नाही, पण एक गाणं, एक हसवणारा आणि एक रडवणारा प्रसंग लागतो. या तिन्हींपैकी एकही नसेल तर ८६ मिनिटंही जड जातात.

---

तुरीच्या_शेंगा

हेरोद लेकरं मारायले सांगते तं पब्लिक एका आवाजात म्हनते, 'हा तं कंस हाय!' कोनत्याबी गावात लावून पाहा. अन् योसेफ रातीतून लेकरू घेऊन निंगते, तवा वसुदेव आठवतेच.

---

गव्हाण

तुरीच्या शेंगांचं निरीक्षण बरोबर आहे, आणि काही पाळकांना ते आवडत नाही हेही खरं. माइकवरून लगेच 'नाही, नाही, ही कथा वेगळी आहे' असं दुरुस्त करणं मात्र टाळावं. प्रेक्षकाने स्वतःच्या हाताने कथेला धरलेलं असतं, तो हात झटकू नये. फरक दुसऱ्या दिवशी बोलता येतो.

आता मंडळीतल्या जाणत्यांकडून हमखास येणाऱ्या हरकती. सिनेमा निवडताना या माहीत असलेल्या बऱ्या.

बहुतेक सिनेमांत मेंढपाळ आणि मागी एकाच रात्री गव्हाणीपाशी उभे दिसतात. मत्तय २:११ मध्ये मागी 'घरात' जातात, आणि हेरोद दोन वर्षांपर्यंतची मुलं मारायला लावतो म्हणजे मधे काळ गेलेला आहे. लूकमध्ये मागी नाहीतच. तीन हा आकडाही शास्त्रात नाही; भेटी तीन आहेत, सोने, ऊद आणि गंधरस. 'नेटिव्हिटी स्टोरी'त तीन मागी गोठ्यातच पोचतात. शेवटचं चित्र भरगच्च व्हावं म्हणून ती केलेली सोय, एवढं सांगून पुढे जावं. कोणी फारच खोलात गेलं तर जनगणनेचा प्रश्न निघतो: जन्म हेरोदाच्या हयातीतला आणि क्विरीनियसच्या जनगणनेच्या वेळचाही सांगितलेला आहे, पण वर्षं जुळत नाहीत. हेरोदाचा मृत्यू साधारण इ.स.पू. ४ चा धरतात आणि रोमी सुभेदार क्विरीनियसची नोंदलेली जनगणना इ.स. ६ ची. ही चर्चा पडद्यापाशी करू नका, थंडी असते.

'मेरी' (२०२४, नेटफ्लिक्स, दिग्दर्शक डी. जे. करुसो, हेरोदाच्या भूमिकेत अँथनी हॉपकिन्स) यात मरीयेचे आईवडील योआकीम आणि अन्ना, तिचं मंदिरातलं बालपण असं बरंच येतं. हे चार शुभवर्तमानांतलं नव्हे, याकोबाच्या नावाच्या जुन्या, बायबलबाहेरच्या ग्रंथाच्या परंपरेतलं. कॅथोलिक कुटुंबांना ते ओळखीचं वाटतं. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), अलायन्स, मेथडिस्ट अशा प्रोटेस्टंट मंडळींत 'हे कुठं लिहिलंय?' असा प्रश्न येतो. दोन्ही प्रकारचे लोक एकत्र बसणार असतील तर हा सिनेमा नको. शिवाय त्यात मारामारी आणि आगी आहेत, लहान मुलं घाबरतात.

'जर्नी टू बेथलेहेम' (२०२३) संगीतिका आहे. अँटोनियो बँडेरासने केलेला हेरोद मजेशीर, पण कथाच इंग्रजी पॉप गाण्यांतून सरकते. गाण्यावर मराठी निवेदन चढवलं की ना गाणं राहतं ना कथा.

---

एकफेज

घ्या तांत्रिक. लांब आहे, पण यातलंच काहीतरी चुकतं आणि मग लोक म्हणतात सिनेमा कंटाळवाणा होता.

वेळ: पंचवीस डिसेंबरच्या आसपास नागपूरकडे सूर्य साडेपाच-पावणेसहाच्या दरम्यान मावळतो. सव्वासहाला पुरेसा अंधार. साडेसहाला सुरू केलं तर १०१ मिनिटांचा सिनेमा सव्वाआठपर्यंत आटोपतो. जेवणं, गुरं, सगळं जमतं, आणि ध्वनिक्षेपकाच्या रात्री दहाच्या मर्यादेशी गाठच पडत नाही. त्या आठवड्यात शेतीच्या फीडरला थ्री-फेज दिवसा आहे की रात्री ते आधी विचारा. रात्रीची पाळी असेल तर पुरुष हरभऱ्या-गव्हाच्या ओलिताला गेलेले असतात आणि तुम्ही म्हणता पुरुषांना रस नाही. कापूस वेचून आलेल्या बाया तर आठनंतर बसल्या जागी पेंगतात. तो दिवसभराचा थकवा आहे, त्यावरून सिनेमाला नापास करू नका.

पडदा: १६:९ साठी १२ फूट रुंद, पावणेसात फूट उंच. मांजरपाट दुहेरी शिवून घ्या, वरच्या आणि खालच्या नेफ्यात पाइप. बाजूंना दोर ताणून बांधू नका, सायकलच्या ट्यूबचे तुकडे मधे घाला. वारा आला की ट्यूब ताण घेते, कापड फाटत नाही आणि चित्र डुलत नाही. दव पडायला लागलं की कापड ओलं होऊन झोळ येतो, तेव्हा खालचा पाइप जड हवा.

प्रोजेक्टर: एवढ्या पडद्याला खरे ३००० ल्युमेन (उजेडाचं माप) लागतात. हिशोब सोपा आहे. ८१ चौरस फुटांत ३००० वाटले की फुटामागे ३७ येतात. जुना दिवा आणि इको मोड धरला तर निम्मेच उरतात, म्हणजे १८. थिएटरचं प्रमाण १६ च्या आसपास असतं. छोट्या एलईडी प्रोजेक्टरच्या खोक्यावर ९००० लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. 'एएनएसआय' किंवा 'आयएसओ' ल्युमेन हा आकडा बघा. 'नेटिव्हिटी'तला बराच भाग रात्रीचा आणि दिव्याच्या उजेडातला आहे. मंद प्रोजेक्टरवर जन्माचा प्रसंगच काळा दिसतो. मग लोकांवर परिणाम व्हायचा कसा?

अंतर साधारण रुंदीच्या दीडपट, म्हणजे १८ फूट. मुलं पुढे बसतात आणि किरणात हात घालतात, म्हणून प्रोजेक्टर पाच फूट उंच टेबलावर. शेकोटी वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि प्रेक्षकांच्या मागे. पुढे पेटवली तर धूर किरणात येऊन सगळं चित्र पांढुरकं होतं.

वीज: दिव्याचा प्रोजेक्टर ३०० वॉट, अ‍ॅम्प्लिफायर २५०. दोन केव्हीएचं जनित्र भरपूर झालं. ते ३० मीटर लांब, भिंतीआड, केबल २.५ चौरस मिलिमीटरची. प्रोजेक्टरपुरता मधे ६०० व्हीएचा यूपीएस हवाच, कारण दिव्याचा प्रोजेक्टर गरम असताना वीज गेली तर पंखा थांबतो आणि दिवा जातो. संपल्यावरही बटण दाबून दोन-तीन मिनिटं पंखा चालू द्या, मगच पिन काढा.

आवाज: भोंगा नको. भोंगा खालचे स्वर खातो, बाईचा आवाज किंचाळतो. मरीया आणि तिची नातलग अलीशिबा यांचे हळू बोललेले संवाद भोंग्यावर भांडणासारखे ऐकू येतात. भजनी मंडळाकडे असतात तसे दोन खोके पडद्याच्या दोन्ही बाजूंना, सहा-सात फूट उंचीवर, तोंडं मधोमध वळवून. मागच्यांसाठी म्हणून ३०-३५ मीटरवर तिसरा स्पीकर लावू नका. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तिथे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याचा फरक पडतो आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

---

संत्राबाग

एकफेज भाऊ, एकच नंबर. छापून ठेवतो.

मराठी डब नसेल तर काय करावं? सबटायटल कोणी वाचत नाही हा अनुभव सगळ्यांचाच असावा.

---

गव्हाण

सबटायटल विसरा. ज्येष्ठांना वाचता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांचं लक्ष चेहऱ्यावरून खाली जातं. जिवंत निवेदन करा, पण तयारीने. आधी दोनदा सिनेमा पाहून वेळेसह साठ-सत्तर वाक्यं लिहून काढायची. एक वाक्य दहा शब्दांच्या आत. संवादाचं भाषांतर करत बसायचं नाही, प्रसंगाला दार उघडून द्यायचं आणि गप्प राहायचं. 'योसेफ मोठ्या पेचात पडला' एवढं पुरे, पुढचं त्याचा चेहरा सांगतो. नावं मराठी बायबलातली: गब्रिएल, जखऱ्या, अलीशिबा, बेथलेहेम. निवेदक बोलेल तेव्हा दुसऱ्याने सिनेमाचा आवाज निम्म्यावर आणायचा, बोलणं संपलं की परत. एकच माणूस दोन्ही करू गेला की घोळ होतो. बाईचा आवाज असेल तर फार चांगलं. निम्मी कथा बाळंतपणाची आहे.

आणि निवेदकाने उपदेश घुसडू नये. लोकांना लगेच कळतं की आता सिनेमा बाजूला ठेवून आपल्याला काही सांगितलं जातंय. मागच्या रांगा तिथेच उठतात.

---

वैनगंगाकाठ

+१. शेवटी हात वर करायला लावणं, नावं लिहून घेणं, हेही नको. गावातले सगळे समाज येऊन बसलेले असतात ते शेजार म्हणून. पुढच्या वर्षी येतील की नाही हे त्या शेवटच्या पाच मिनिटांवर ठरतं. सिनेमा संपला की दिवे लावा, चहा द्या.

कागदपत्रं थोडक्यात: पोलीस ठाण्यात ध्वनिक्षेपकाचा अर्ज आठवडाभर आधी, मैदान ग्रामपंचायतीचं असेल तर तिचं ना-हरकत पत्र. नेटफ्लिक्सचं वैयक्तिक खातं सार्वजनिक प्रदर्शनासाठी नसतं, तिकीट नाही म्हणून ते चालतं असं नाही. 'जीझस'वाले मोफत प्रदर्शनासाठी स्वतःच चित्रपट देतात, बाकींसाठी हक्कधारकाला लिहून विचारावं.

---

ओलीत

कोणी 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) सुचवण्याआधी लिहून ठेवतो. दरवर्षी कोणीतरी सुचवतंच. सिनेमा थोर आहे, श्रद्धा आहे, प्रार्थना आहे, देवदूत आहे. पण त्याचा गाभा काय? आठ हजार डॉलर हरवल्यामुळे कर्जात बुडालेला बापमाणूस नाताळच्या रात्री जीव द्यायला पुलावर उभा आहे, आणि आपण जिवंतपेक्षा मेलेलेच जास्त किमतीचे, विम्यापायी, असं त्याला वाटतंय. विदर्भात हे दाखवायच्या आधी विचार करा. अमेरिकेत शेवटी रडून मोकळं होतात. इथे ज्या घरात सावकाराचं किंवा बँकेचं देणं होऊन माणूस गेला, त्या घरातली बाई पडद्यासमोर बसलेली असू शकते. शेवटी सगळं गाव पैसे घेऊन धावत येतं तो प्रसंग तिला दिलासा देईल की 'आमच्याकडे कोणी नाही आलं' असं वाटायला लावेल? दुसरंच जास्त शक्य आहे.

दाखवायचाच असेल तर मैदानात नको. लहान गटात, नंतर बसून बोलता येईल असा. टेलि-मानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून लावा.

---

पऱ्हाटी

ओलीत, हे मनापासून पटलं. शिवाय १३० मिनिटं, काळा-पांढरा आणि बोलका. मैदानात तसाही टिकणार नाही.

'दयासागर' सोडला तो मुद्दाम, कारण तो नाताळपट नाही, पूर्ण जीवनपट आहे. 'जीझस'ला जी हरकत घेतली तीच इथेही. पण चेहऱ्याचा मुद्दा मान्य. आपल्याला हवा तो सिनेमा, म्हणजे आपल्याकडच्या चेहऱ्यांची, गाण्यांची, फक्त जन्मापुरती दीड तासाची मराठी कथा, ती काही हाती लागत नाही.

---

जुनी_रिळं

अवांतर: दादासाहेब फाळके मुंबईत 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' पाहायला बसले आणि पडद्यावर ख्रिस्त सरकत असताना त्यांच्या मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभे राहत होते, असं त्यांनीच पुढे 'नवयुग'मध्ये लिहिलं. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. तेव्हा हेरोदात कंस पाहणारं तुमचं पब्लिक फाळक्यांच्याच रांगेत बसलेलं आहे.

---

तुरीच्या_शेंगा

हे भारी सांगितलं भौ.

---

संत्राबाग

प्रतिसाद मोजायचा कसा? आयोजकांना देणगीदारांना अहवाल द्यावा लागतो. विचारलं तर सगळे 'चांगला होता जी' म्हणतात.

---

पऱ्हाटी

'आवडला का' विचारूच नका. पाहुणचाराचं उत्तर मिळतं. दुसऱ्या दिवशी विचारा, 'कोणता प्रसंग ध्यानात राहिला?' आणि 'कोणाचं चुकलं असं वाटलं?' दुसऱ्या प्रश्नावर लोक खुलतात. सरायवाल्यावर हमखास राग निघतो: अवघडलेल्या बाईला जागा नाही म्हणतो म्हणजे काय! योसेफाच्या बाजूने पुरुष आणि मरीयेच्या बाजूने बाया बोलायला लागल्या की समजा सिनेमा पोचला.

दुसरं माप म्हणजे लोक कधी उठले. एकाने मागे उभं राहून दर पंधरा मिनिटांनी साधारण डोकी मोजावीत. आकडा कुठल्या प्रसंगाला घसरला ते कळतं. बोलणं म्हणजे कंटाळा असं समजू नका, आपल्याकडे सिनेमाशी बोलतच पाहतात. मोबाइल उजळायला लागले की मात्र सावध.

---

मोहफूल

घाईत विचारतोय, उद्या संध्याकाळी प्रदर्शन आहे. पेनड्राइव्हवर सिनेमा टाकला, प्रोजेक्टरला लावला. संगीत, घोड्यांच्या टापा सगळं ऐकू येतं, माणसं बोलतात ते मात्र फार बारीक. दुसऱ्या फाइलला आवाजच नाही. स्पीकर बदलून पाहिले.

---

एकफेज

स्पीकर ठीक आहेत, दोष फाइलींचा आहे.

पहिली फाइल ५.१ आवाजाची असणार. त्यात संवाद मधल्या चॅनेलवर असतात. तुमचा प्रोजेक्टर फक्त डावा-उजवा बाहेर काढतोय, मधला टाकून देतोय. दुसऱ्या फाइलचा आवाज एसी३ किंवा डीटीएस असेल, बरेच प्रोजेक्टर ते वाचतच नाहीत.

लॅपटॉपवर हँडब्रेक (फाइलचा प्रकार बदलायचं मोफत सॉफ्टवेअर) उघडा, ऑडिओत कोडेक एएसी, मिक्सडाउन 'स्टीरिओ', व्हिडिओ एच.२६४, एमपी४ करून काढा. फाइल ४ जीबीच्या आत ठेवा, कारण पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर त्याहून मोठी फाइल त्यावर बसतच नाही, आणि एनटीएफएस केला तर काही प्रोजेक्टर ओळखत नाहीत. १०८० ऐवजी ७२० केलं तरी १२ फुटांवर कोणाला फरक कळणार नाही.

वेळ नसेल तर सरळ लॅपटॉप एचडीएमआयने जोडा, व्हीएलसीत ऑडिओ मेनूमधून स्टीरिओ निवडा आणि आवाज प्रोजेक्टरमधून न घेता लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून अ‍ॅम्प्लिफायरला न्या. त्यासाठी विंडोजमध्ये आवाजाचं आउटपुट 'स्पीकर' करावं लागतं, नाहीतर तो एचडीएमआयकडेच जात राहतो. लॅपटॉप चार्जरवर असताना गुणगुण आली तर चार्जर काढून पाहा. गुणगुण थांबली तर अर्थिंगचा घोटाळा आहे, बॅटरीवरच चालवा.

आणि पूर्ण सिनेमा एकदा त्याच पेनड्राइव्हवरून चालवून बघा, नुसती पहिली पाच मिनिटं नाही.

---

मोहफूल

स्टीरिओ करून पाहिलं, संवाद आले. दुसरी फाइल बदलायला लावली आहे, चाळीस मिनिटं दाखवतेय. धन्यवाद भाऊ.